दोरीवरची जोडी

बेंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत अकरा वर्षांपूर्वीचं एक वाक्य आहे. अक्षर माझं. ‘मार्गदर्शकांचा वयोमानामुळे गैरसमज झाल्याने सहलीचा विरस झाला, यापुढे सहलीचे काम अनुभवी संस्थेकडे सोपवावे असे सर्वानुमते ठरले.’ खाली माझी सही आहे, सेक्रेटरी म्हणून. या एका वाक्यात तीन गोष्टी खोट्या आहेत. वयोमानाचा काही संबंध नव्हता, गैरसमज झालाच नव्हता, आणि सर्वानुमते म्हणाल तर एक मत मी स्वतःच पोटात दाबून बसलो होतो. आता मी चौऱ्याहत्तरचा आहे, सेक्रेटरी कुणी दुसराच आहे, आणि ती वही मागून आणून मी समोर ठेवली आहे.

पण चूक दुरुस्त करायची तर आधी अण्णा कोण ते सांगायला हवं.

अण्णा चामराजपेटेत आमच्यापासून तीन घरं सोडून राहायचे. मूळचे निपाणीकडचे. चौतीस वर्षं सरकारी बसमध्ये कंडक्टर होते, आणि निवृत्त झाल्यावरही आतून कंडक्टरच राहिले. खाकी पँट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, तोंडात लवंग आणि गळ्यात पितळी शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तोंडी सांगायचं तर ‘होल्डॉन’ आणि ‘रैट’. बेंगळुरूच्या बसमधून चार दिवस फिरलेल्या माणसाला हे दोन शब्द शिकवावे लागत नाहीत. अण्णांचा सगळा संसारच त्यांवर चालत असे. दूध उतू जायला लागलं की ते शेगडीकडे बोट करून ‘होल्डॉन!’ म्हणत आणि मग उठत. बायको गेल्यावर मुलीचं लग्न त्यांनी एकट्यानं लावलं. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते तेव्हा हे गाडीच्या मागच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाले, ‘रैट, रैट.’ मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

दर जानेवारीत नवी दिनदर्शिका आली की अण्णा निळी पेन्सिल घेऊन बसत. शनिवार-रविवारला जोडून आलेली प्रत्येक सुट्टी ते निळ्या चौकटीत घालत. अशा सुट्टीला ते सुट्टी म्हणत नसत, ‘पाणी’ म्हणत.

“यंदा सहा पाणी आहेत, सेक्रेटरी,” ते माझ्या दारात उभे राहून सांगत. “ऑगस्टात लागून दोन.”

एखादा सण रविवारी आला तर त्यांचा चेहरा सुतकी होई. “एक पाणी आटलं बघ.”

पाण्याचंच वेड का, हे मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “चौतीस वर्षं डिझेल हुंगलंय. माणसाला लागोपाठ तीन दिवस मिळाले तर त्यानं पाण्याजवळ जावं. डोंगर म्हटलं की चढावं लागतंय. देऊळ म्हटलं की रांग आली. पाण्याला काय, नुसतं बसायचं. ते जातंय, आपण बसलोय. एवढंच.”

या एवढ्याशा तत्त्वज्ञानावर आमच्या मंडळाच्या सहली बारा वर्षं चालल्या. तलाव, धरणाचा काठ, नदीचा घाट. मिनीबस ठरवायची, लॉज ठरवायचा, चित्रान्नाचे, म्हणजे लिंबूभाताचे, डबे भरून घ्यायचे, सगळं अण्णा करत. बसमध्ये ते कधी बसले नाहीत. दाराशी दांड्याला धरून उभे. “अण्णा, बसा की, जागा आहे,” म्हटलं तर म्हणत, “कंडक्टर बसला की गाडी झोपते.” प्रत्येकाला ते पुठ्ठ्याचं एक तिकीट देत. नाश्ता झाला की एक भोक, जेवण झालं की दुसरं, चहाचं तिसरं. नोकरीतला पंच त्यांनी जपून ठेवला होता. संध्याकाळी तिकिटावर दोनच भोकं दिसली तर त्या माणसाला ते चहा पाजल्याशिवाय सोडत नसत.

आराम ही गोष्ट मात्र ते हुकूम सोडून करवून घेत. काठावर पोचलं की एक शिट्टी. मग अर्धा तास कुणी काही करायचं नाही. पत्ते नाहीत, अंताक्षरी नाही, फोटोही नाहीत. “पाण्याजवळ येऊन रमी खेळायची तर चामराजपेटेत काय वाईट होतं?”

पुण्याहून नोकरीसाठी आलेलं एक तरुण जोडपं तेव्हा नव्यानं मंडळात आलं होतं. राहायला एचएसआर लेआउटला. पहिल्याच सहलीत तो मुलगा धरणाच्या काठी लॅपटॉप उघडून बसला. “अण्णा, फक्त दहा मिनिटांचा कॉल आहे, क्लायंट आहे,” म्हणाला. अण्णा कानडीत “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणत त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. दहा मिनिटं झाली आणि अण्णांनी त्याच्या कानाशी शिट्टी मारली. पलीकडून कुणीतरी विचारलं, हा कसला आवाज. मुलगा घाबरून म्हणाला, “पोलीस आहेत बहुतेक.” कॉल बंद झाला. पुढे तोच मुलगा दर महिन्याला फोन करून विचारायचा, “अण्णा, पुढचं पाणी कधी?”

अण्णांना मोजायची सवय होती. गाडी सुटताना डोकी मोजायची, चहाला थांबली की मोजायची, पुन्हा सुटताना मोजायची. पण माणसं ते बघत नसत. “चेहरा बघितला की मोजणी चुकते,” ते म्हणत. “ओळखीचा दिसतो, हसावं लागतं, आकडा जातो. मी डोकी मोजतो.” त्यामुळे बारा वर्षं बरोबर फिरूनही कोण कुठला शर्ट घालतो हे त्यांना सांगता आलं नसतं. माणसं किती, हे मात्र झोपेतून उठवून विचारा.

यामागे एक गोष्ट होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी हासनच्या स्टँडवर एक म्हातारी चहाला उतरली ती मागेच राहिली. बारा मैल पुढे आल्यावर अण्णांना सीटवर तिची पिशवी दिसली. त्यांनी गाडी ड्रायव्हरच्या हवाली केली, येणारी लॉरी थांबवली आणि पिशवी घेऊन परत गेले. म्हातारी स्टँडवर बसून रडत होती. “सामान आहे आणि माणूस नाही,” अण्णा म्हणत, “यासारखं वाईट काही बघितलं नाही मी.”

म्हणूनच दोरीचा नियम. पाण्याच्या काठावर ते एक लांब सुती दोरी अंथरत. प्रत्येकानं आपली चप्पल दोरीला लावून ठेवायची, जोडीनं, पाण्याकडे तोंड करून. मग पाण्यात जायचं, तेही घोट्यापर्यंत. निघताना ज्यानं त्यानं आपली जोडी घालायची. दोरी मोकळी झाली म्हणजे सगळे बाहेर आले. एक माणूस, एक जोडी. दुसरी जोडी आणायची नाही. अण्णा स्वतः मात्र बूट कधीच काढत नसत. बारा वर्षांत मी त्यांचा पाय ओला झालेला पाहिला नाही. “मी पाण्यात उतरलो तर मोजणार कोण?”

आता माझ्याविषयी. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. दर गणेशोत्सवात मंडळात माझं एक भाषण ठरलेलं: मांजर आडवं जाणं, अमावास्या, ग्रहांच्या अंगठ्या, आपण का फसतो. लोक हसत, टाळ्या देत. अण्णा पहिल्या रांगेत. माझ्याविषयी त्यांना फार आदर होता. “सेक्रेटरी विज्ञानाचा माणूस,” ते नवीन माणसांना सांगत, “तो बोलला म्हणजे तपासूनच बोलला.”

त्या वर्षी आमचा मुलगा आठ महिने घरी बसला होता. कंपनीनं एका सकाळी चाळीस जणांना घरी पाठवलं, त्यात हा. मुलाखती होत, फोन येत नसत. तो जेवताना बोलेनासा झाला. बनशंकरीच्या देवळात भेटणाऱ्या कुणा बाईंनी आमच्या घरी सांगितलं की साडेसाती आहे, बापानं आपली वापरलेली चामड्याची चप्पल शनिवारी वाहत्या पाण्याकाठी सोडायची, मागे वळून बघायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर उतरलेलं परत येतं.

मी हसलो. बायको म्हणाली, “तुम्हाला विश्वास ठेवायला कोण सांगतंय? चप्पल झिजलीच आहे. टाकायची तर आहेच. मग शनिवारी टाका, नदीकाठी टाका. तुमच्या विज्ञानाचं त्यात काय जातं?”

खरं सांगायचं तर मुलाचा चेहरा बघून मला वाद घालायचाच नव्हता.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता. अण्णांच्या निळ्या चौकटीतलं पाणी. आम्ही एकतीस जण कावेरीकाठी गेलो, श्रीरंगपट्टणच्या पुढच्या एका खेड्याजवळ. बायको गुडघ्यामुळे आली नाही. शुक्रवारी गावातल्या लॉजवर मुक्काम, शनिवारी दिवसभर घाट, रविवारी परत असा बेत. माझ्या पायात जुनी तपकिरी चप्पल होती. डाव्या अंगठ्याला हिरव्या दोऱ्याचा टाका, कारण चांभाराकडे त्या दिवशी तपकिरी दोरा नव्हता. पिशवीत, टॉवेलात गुंडाळून, नवे सँडल.

शनिवार फार छान गेला. धरणातून पाणी सोडलेलं, नदी लालसर आणि भरलेली. आम्ही पायऱ्यांवर बसून पाय बुडवले. पुण्याच्या मुलानं फोन स्वतःहून अण्णांच्या खिशात टाकला. चित्रान्न, दही, लोणचं, मग करंजाच्या झाडाखाली झोप. मला वाटलं, मुलाला आणायला हवं होतं.

चार वाजता अण्णांची शिट्टी झाली. मी पिशवी उचलली, अनवाणीच करंजाच्या झाडामागे गेलो, नवे सँडल घातले आणि मागे न बघता बसमध्ये जाऊन बसलो. माझा हिशेब साधा होता. अण्णा डोकी मोजतील, एकतीस भरतील, एक जुनी चप्पल काठावर राहिली तर राहिली.

डोकी एकतीस भरली. अण्णा दोरी गुंडाळायला गेले. मग एक लांब शिट्टी ऐकू आली. “होल्डॉन! होल्डॉन!”

आम्ही सगळे खाली उतरलो. दोरीवर एक जोडी होती. पाण्याकडे तोंड करून.

“ही कुणाची?” अण्णांनी विचारलं.

एकतीस जणांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. सँडल नवे कोरे चकाकत होते. अण्णांनी डोक्यांपलीकडे काही पाहिलंच नाही.

“अण्णा, आपण सगळे आहोत ना?” पुण्याचा मुलगा म्हणाला. “मग चला. टाकली असेल कुणीतरी.”

“टाकणारा फेकतो,” अण्णा म्हणाले. “ही ठेवलीय. आपल्या दोरीला लावून, आपल्यासारखी. ठेवणारा परत येणार असतो. कुणीतरी आपलं बघून इथं ठेवली, पाण्यात गेला, आणि आपण चित्रान्न खात बसलो.”

“शनिवार आहे आज,” मागून एक बाई म्हणाल्या. “साडेसाती उतरवायला ठेवतात काही लोक.”

अण्णा माझ्याकडे वळले. “सेक्रेटरी, तू विज्ञानाचा माणूस. तू सांग. करतात असं कुणी?”

तो क्षण मी हजार वेळा परत पाहिला आहे. तोंड उघडून ‘माझी आहे’ एवढं म्हणायचं होतं. लोक हसले असते. पुढच्या गणपतीत माझं भाषण झालं नसतं. आणि घरी मुलगा होता, आणि सांगितलं तर परत येतं. मी म्हणालो, “शिकलेली माणसं असलं काही करत नाहीत, अण्णा.”

“मग संपलंच,” अण्णा म्हणाले, आणि पोलिसांना फोन लावायला सांगितलं.

मोटारसायकलवरून दोन पोलीस आले. गावातले दोघे नावाडी आपली टोपलीसारखी गोल होडी घेऊन आले. माझ्या झिजलेल्या चपलेसाठी ते दोघे त्या लाल पाण्यात काठाकाठानं काठी खुपसत फिरले. गावात कुणी हरवल्याची तक्रार नव्हती. अंधार पडायला लागला तसे पोलीस म्हणाले, पाणी ओसरल्यावर बघू. लोक चिडले होते. लहान मुलं रडत होती. अण्णा काठावरून हलेनात. शेवटी मला म्हणाले, “तू घेऊन जा सगळ्यांना. डोकी मोज. मी इथं होल्डॉन.”

रविवारी आम्ही त्यांच्याशिवाय बेंगळुरूला परतलो. वाटेत मी दोनदा डोकी मोजली. तीसच. अण्णा जमेत नसतच. तरी एक डोकं कमी का, हे मला मंड्या गाव आल्यावर कळलं. मी स्वतःला मोजायचं विसरत होतो.

पुढच्या रविवारी बैठक झाली. अण्णा नदीकाठी चार दिवस राहून आले होते. कुणी त्यांना टाकून बोललं नाही, उलट सगळे फार गोड बोलले, आणि तेच वाईट होतं. वय झालंय अण्णा तुमचं, दगदग नको. ते वाक्य मी वहीत लिहीत होतो तेव्हा अण्णांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. “माझी मोजणी जमत नाही असं वाटतंय ना तुम्हाला? सरी.” एवढं बोलून ते गेले. शिट्टी कुणी उचलेना. मी ती वहीबरोबर कपाटात ठेवली. मागून त्यांना नाव पडलं: चप्पल अण्णा. मुलं हाकही मारायची.

दीड महिन्यात मुलाला नोकरी लागली. एचएसआर लेआउटमधल्याच एका कंपनीत. बायको म्हणाली, “आता तोंड उघडू नका.” मी उघडलं नाही. पुढच्या गणपतीत अंधश्रद्धेवर बोललोसुद्धा. त्या वर्षी पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती.

मला वाटलं होतं, अण्णा महिन्याभरात विसरतील. पण जोडून सुट्टी आली की पहाटे ते कापडी पिशवी घेऊन दारावरून जाताना दिसत. सगळी पाणी आता एकाच घाटावर. बसनं जायचं, दोरी अंथरायची, त्यावर ती जोडी ठेवायची आणि बसायचं. गावातल्या माणसांना विचारायचं, कुणाचा कुणी आला का? दोघे नावाडी त्यांचे मित्र झाले. “नदी कधीतरी सांगते,” असं त्यांतल्या थोरल्यानं सांगितलं होतं म्हणे.

एकदा मी त्यांच्याकडे गेलो तर ते पायरीवर बसून त्या चपलेला एरंडेल चोळत होते. हिरवा टाका माझ्याकडे बघत होता.

“चामडं वाळलं की भेगा पडतात,” ते म्हणाले. “मालक आला तर चावायला नको त्याला.”

“अण्णा, कुणी येणार नाही आता.”

“त्याच्या घरचा येईल. बापाची चप्पल पोरगा ओळखतो.”

मी चहा न घेता उठलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “तिकिटाला भोक पडलं का तुझ्या?” जुनी सवय. मी हो म्हणून खोटं बोललो. त्या काळात मला खोटं बोलणं फारच सोपं झालं होतं.

गेल्या वर्षी अण्णा न्हाणीघरात पडले आणि मुलगी त्यांना बनशंकरीला आपल्या घरी घेऊन गेली. कंबर धरली, काठी आली. यंदाच्या ऑगस्टात त्यांनी मला बोलावणं पाठवलं. पलंगाशेजारच्या भिंतीवर दिनदर्शिका होती, निळ्या चौकटींसकट. पंधरा ऑगस्ट पुन्हा शुक्रवारी.

“पडेपर्यंत एक पाणी चुकवलं नाही मी,” ते म्हणाले. “आता ही पोरगी सोडत नाही. सेक्रेटरी, तू जाशील माझ्याऐवजी? फार काही नाही. दोरी अंथरायची, जोडी ठेवायची, सांजपर्यंत बसायचं. तू जबाबदार माणूस. दुसऱ्या कुणाला सांगू?”

आणि त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

घरी येऊन मी ती टेबलावर ठेवली. बायकोनं आत पाहिलं आणि खुर्चीवर बसली. ती जोडी अण्णांकडे आहे, हे तिला मी कधी सांगितलंच नव्हतं.

“तेल लावलंय?” तिनं विचारलं.

“अकरा वर्षं.”

तिनं हिरव्या टाक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “परत यायचं ते येऊ दे. सांगून टाका. आणि त्यांच्याऐवजी नको, त्यांनाच घेऊन जा.”

मुलानं गाडी काढली. अण्णांच्या मुलीनं चार उशा, दोन औषधांच्या डब्या आणि वीस सूचना दिल्या. अण्णा पुढच्या सीटवर बसले. आयुष्यात प्रथमच बसून प्रवास, म्हणून रस्ताभर अवघडलेले. रामनगरला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी आम्हां दोघांना तीन वेळा मोजलं.

नदी तशीच होती, भरलेली, लालसर. मी दोरी अंथरली. त्यांनी वाकता येत नाही म्हणून काठीनं ढकलून जोडी नीट लावली. घडीच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “अर्धा तास. कुणी काही करायचं नाही.”

आम्ही काही केलं नाही. पाणी जात होतं. मुलगा पायरीवर बसून डोळे मिटून होता. मग मी बूट काढले, दोरीपाशी गेलो आणि ती चप्पल पायात घातली. इतकी मऊ ती नवी असतानाही नव्हती.

“ए, काढ,” अण्णा म्हणाले. “मालकाची आहे.”

“मीच आहे अण्णा.”

“काय मीच?”

“मालक.”

अण्णांनी माझ्या पायांकडे पाहिलं, हिरव्या टाक्याकडे, आणि मग माझ्या चेहऱ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी माझा चेहरा असा पहिल्यांदाच पाहिला असावा. मी सगळं सांगितलं. मुलगा डोळे उघडून ऐकत होता; त्यालाही हे नवंच होतं. अण्णांनी मध्येच थांबवलं.

“त्या दिवशी पाण्यात कुणी नव्हतं?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की, अण्णा.”

“आपण एकतीसच?”

“एकतीसच.”

त्यांनी काठीवर हनुवटी टेकवली. त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ गेलो, तर ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“कुणी बुडालं नाही,” ते म्हणाले. “देवा. कुणी बुडालंच नाही.”

मग काठी उचलून त्यांनी माझ्या नडगीवर एक ठेवून दिली. बऱ्यापैकी लागली.

“एक माणूस, दोन जोडी! सेक्रेटरी असून!” दुसरी दिली. “आणि शिकलेली माणसं असलं करत नाहीत, होय?”

“चुकलो अण्णा.”

“उतरली का तरी?”

मी मुलाकडे पाहिलं. “दीड महिन्यात नोकरी लागली.”

“ह्याला?” अण्णांनी मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बरं झालं की मग. खरं एक सांग, मला येऊन कानात सांगितलं असतंस तर मी कुणाला बोललो असतो काय रे?”

मी वाकून नडगी चोळली.

खाली धाकटा नावाडी होडी ओढत होता. अण्णांनी त्याला मोठ्यानं हाक मारली आणि काठीनं माझ्याकडे दाखवून ओरडले, “सिक्किदा!” सापडला!

नावाडी धावत वर आला. माझ्या पायातली चप्पल बघितली, मला बघितलं. “एल्लिद्द?” त्यानं विचारलं. कुठं होता हा?

“चामराजपेट,” अण्णा म्हणाले.

तो माणूस पायरीवर बसून हसला. मग गंभीर झाला आणि थोरल्याला सांगायला हवं म्हणून गावाकडे पळाला. थोरला आता अंथरुणावर होता, पण दर सुट्टीला विचारायचा म्हणे.

अण्णांनी काठी माझ्या हातात दिली. मग वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. त्यांना जमेना, तेव्हा मुलानं सोडली. पांढरे कॅनव्हासचे बूट मी दोरीला लावून ठेवले, पाण्याकडे तोंड करून.

“मोज,” अण्णा मला म्हणाले.

“एक जोडी.”

“लक्ष ठेव.”

आम्ही दोघांनी त्यांना दोन्हीकडून धरून पहिल्या पायरीवर नेलं. घोट्यापर्यंत. ते खाली बघत राहिले. गोरेपान, सुरकुतलेले पाय, उन्हाचा कधी स्पर्श न झालेले. “गार आहे की रे,” ते म्हणाले, जणू बारा वर्षं आम्ही ही गोष्ट त्यांच्यापासून लपवली होती.

निघताना त्यांनी स्वतः दोरी गुंडाळली. म्हणाले, “वहीत नीट लिही. माझं नाव घालू नकोस. कंडक्टरचं नाव कशाला पाहिजे? चपलेचं लिही.” म्हणून हे लिहिलं. ते जुनं वाक्य मी खोडलेलं नाही. त्याच्यापुढे हे सगळं जोडून खाली पुन्हा सही केली आहे. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचणार आहे. खुर्ची पहिल्या रांगेत ठेवायला सांगितली आहे.

गाडीत बसल्यावर मंडळाच्या कपाटातून मागून आणलेली शिट्टी मी खिशातून काढून अण्णांना दिली. त्यांनी ती धोतराच्या सोग्यानं पुसावी तशी सदऱ्यानं पुसली, गळ्यात घातली आणि मान वळवून आम्हांला मोजलं. मी, मुलगा आणि या वेळी स्वतःच्या छातीवरही बोट ठेवलं. तीन. मुलानं गाडी सुरू केली. अण्णांनी शिट्टी तोंडात धरून फुंकली. पहिली खणखणीत वाजली. दुसरीला दम पुरला नाही, नुसती हवा आली. एक शिट्टी म्हणजे थांब. मुलानं चटकन ब्रेक दाबला.

अण्णांनी शिट्टी तोंडातून काढली, खिडकीतून हात बाहेर घातला आणि दारावर थाप मारली.

“रैट,” ते म्हणाले. “रैट, रैट.”